मागच्या डाव्या काचेचं हँडल

ही घटना खरी आहे. ज्याला थाप वाटते त्यानं मला सांगावं, मी गाडी दाखवतो. त्यानं मागच्या सीटवर डावीकडे बसावं, काचा वर करून, एसी लावून. मग आपण बोलू.

आणि आधीच सांगतो, यात अमावस्या नाही की पांढरी साडी नाही. भर दुपार होती. उन्हाळ्याचा सगळ्यात वाईट आठवडा. रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं.

माझे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, गाड्यांचे एसी दुरुस्त करतात. त्यांच्या गॅरेजला लागून माझं बॅटऱ्यांचं दुकान. मध्ये भिंत म्हणून एक पत्रा. त्यामुळे यातलं काहीही मी कुणाकडून ऐकलेलं नाही.

गाडी पुढच्या दोन्ही काचा उघड्या ठेवून आणली होती. लांबलचक, दुधी रंगाची, गोल दिव्यांची. तसल्या गाड्या आता फक्त मिरवायला उरल्यात. मालक साठीचा, पायात पांढरे शुभ्र बूट. आम्ही त्याचं नाव पांढरेबूट ठेवून टाकलं. वडिलांची गाडी आहे म्हणाला, बाकी सगळं नवं करून घेतलंय, एसी तेवढा वर्षानुवर्षं बंद आहे. लहान नात आहे, तिला उकाडा सोसत नाही. मागे तिची सीट लावायची होती.

हे सगळं तो रुमाल नाकावर धरून बोलला. गाडीपासून लांब उभा राहून.

दाजींनी डॅशबोर्ड उतरवला. कूलिंग कॉइलचा डबा उघडला...

आणि मी पत्र्याच्या अलीकडे बसून ओकलो.

जुन्या डब्यात उंदराचं घरटं निघतं, पाचोळा निघतो, बुरशी निघते. पण सगळं कोरडं. बंद एसीत ओल येणार कुठून?

हा डबा ओला होता.

कॉइलवर पिवळट, चिकट थर. बोट लावलं की तार सुटायची. त्यात अडकलेले आखूड पांढरे केस. आणि वास... मेलेल्या उंदराचा वास आम्हाला ओळखू येतो. हा तो नव्हता. हा तोंडाचा वास होता. कवळी न धुतलेल्या, तहानेनं सुकलेल्या तोंडाचा.

"कोमट आहे रे हे," दाजी म्हणाले.

मग स्वतःच म्हणाले की उंदीरच असणार. पण श्वास रोखून म्हणाले.

कॉइल फेकली, नवी टाकली. कॉम्प्रेसरचा पट्टा तुटलेला होता, तो बदलला. पाइपांतली सगळी हवा पंपानं ओढून काढली आणि मीटरचा काटा हलतो का ते बघत बसले. काटा हलला नाही. कुठे गळती नाही. गॅस भरला. पुढच्या जाळीतून अशी गार हवा आली की दात शिवशिवले. दाजी खूश.

आता दाजींची एक पद्धत आहे. काम झालं की गिऱ्हाइकाच्या आधी स्वतः मागच्या सीटवर बसायचं, काचा लावून. थंडावा मागे पोचतो का ते बघायला. थर्मामीटरला घाम येत नाही, मला येतो, असं म्हणतात. ते मागे डावीकडे बसले. मी पुढे बसून इंजिनला रेस देत होतो.

थोड्या वेळानं मागून धापा ऐकू आल्या. मी म्हटलं, दाजी, पोट कमी करा.

मी रेस कमी केली.

मग लक्षात आलं... धापा दोघांच्या होत्या.

मी आरशात पाहिलं. दाजी दगडासारखे बसलेले, नजर स्वतःच्या मांडीवर. त्यांच्या शेजारची काच आतून धुकटलेली. सगळी नाही. अगदी खाली, कडेला, तळहाताएवढा गोल. तो विरायचा... आणि पुन्हा उमटायचा.

एसी चालू असताना काच आतून धुकटत नाही. एसी आतली सगळी ओल पिऊन टाकतो. बॅटऱ्या विकणाऱ्या मलाही एवढं कळतं. आणि दाजींचं तोंड तर त्या गोलाच्या किती तरी वर होतं.

टक.

कॉम्प्रेसर आपोआप बंद पडला. जाळीतून गरम हवा आली, आणि तिच्यासोबत तो तोंडाचा वास. दाजींनी काच खाली घ्यायला हात घातला...

तिथे हँडल नव्हतं. नुसती लोखंडी खुंटी.

मी उडी मारून बाहेर आलो आणि त्यांचं दार उघडलं. ते जवळजवळ पडलेच बाहेर. पँट मांडीवर ओली झाली होती. चिकट.

"कुणीतरी डोकं टेकलं होतं," ते म्हणाले. "हलकं होतं रे. लेकरासारखं."

घरी ताईनं पँट हातात घेतली आणि विचारलं, या वयात कुणाची लाळ पाडून घेतलीत अंगावर? हसत होती. मग तिला वास आला. पँट तिनं मागच्या अंगणात जाळली.

दुसऱ्या दिवशी आम्ही ते दार आतून नीट पाहिलं. खुंटीभोवतीचं रेक्झिन चावलेलं होतं. उंदीर असा चावत नाही. रुंद, बोथट व्रण. वरचे दात, खालचे दात. हातांना जोर नसलेला माणूस तोंडानं खुंटी फिरवायला गेला तर उमटतील तसे.

दाजींनी पांढरेबूटला बोलावून विचारलं. त्यानं लपवलंही नाही. हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगितलं.

"वडील सारखी काच खाली घ्यायचे. थंडावा वाया जायचा. म्हणून हँडल काढून ठेवलं होतं."

एका दुपारी हे सगळे बाहेरगावाहून येताना हॉटेलात जेवायला थांबले. म्हाताऱ्याच्या तोंडातून घास गळायचा, लाळ गळायची. लोकांसमोर शोभा नको. म्हणून त्याला मागे बसवून, इंजिन आणि एसी चालू ठेवून, दारं लावून आत गेले. दाराचा खटका त्याच्या हातांना झेपत नव्हता. जेवण लांबलं. वर आइस्क्रीम मागवलं.

तेवढ्यात कधीतरी पट्टा तुटला.

"आम्ही एसी लावून गेलो होतो," पांढरेबूट म्हणाला. "दगा एसीनं दिला."

मी थुंकलो. त्याच्या बुटांवर पडलं नाही, एवढीच खंत आहे.

दाजींनी भंगारातून तसलंच हँडल शोधून आणून बसवलं. पांढरेबूटला धापांचं सांगितलं, पँटचं सांगितलं. नातीला मागे बसवू नका म्हणून अक्षरशः हात जोडले. त्यानं सगळं ऐकून घेतलं. वासाचं त्याला माहीत होतं. मग विचारतो, त्याच्यावर एखादा स्प्रे येतो का.

गाडी घेऊन गेला.

शेवटी आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो, पोरीच्या आईला भेटायला. आई तरी ऐकेल. गाडी पोर्चमध्ये उभी होती, इंजिन बंद, काचा वर. मागे डावीकडे पोरीची छोटी सीट बांधलेली.

आणि हँडल काढलेलं.

पोरीची आई, म्हणजे पांढरेबूटची सून, मोबाइल हातात घेऊनच दारात आली. दाजींनी हँडलचं विचारलं.

"मीच काढायला लावलं. ही पण आजेसासऱ्यांसारखीच करते, सारखी काच खाली."

टक.

बंद गाडीतून आवाज आला. कॉम्प्रेसर लागल्याचा... इंजिन बंद असताना.

डाव्या काचेवर, खाली, गोल उमटला. विरला. पुन्हा उमटला. घाईघाईनं.

दाजींनी पायरीवरची कुंडी उचलली आणि काच फोडली.

आतून हवा बाहेर आली. गरम, ओली, एकच लांब उच्छ्वास. संपता संपेना. सून तोंड दाबून आत पळाली. म्हणजे वास तिलाही आला. आम्ही वेडे नाही.

त्या घरचे पोलिसात जातो म्हणाले. गेले नाहीत. पोलिसांनी चावलेलं रेक्झिन पाहिलं असतं.

नवी काच बसवणारा माझ्या ओळखीचा आहे. त्याला विचारलं, हँडल बसवलंस का.

"नको म्हणाले," तो म्हणाला.

आता शाळा सुटली की ती गाडी माझ्या दुकानावरून जाते. पुढे पांढरेबूट, मागे पोरगी, काचा वर. मी हातातलं काम टाकून रस्त्यावर येतो. पोरगी दिसली की परत जाऊन बसतो.

काल ती दिसली नाही.

डाव्या काचेवर, खालच्या कडेला, धुक्याचे गोल होते. एक मोठा...

आणि त्याला चिकटून एक लहान.