येण्याची चिठ्ठी

हंबीरराव पहिल्यांदाच विमानात बसणार होते, आणि मंगळवार पेठेत ही बातमी ज्याच्या कानावर गेली नाही असा माणूस उरला नव्हता. लेकीकडे बेंगळुरूला निघाले होते. मंगळवारी सकाळी ते शेजारच्या रशीदकडे चहाला आले आणि कप खाली ठेवायच्या आत मुद्द्यावर आले.

"रशीदभाई, ते बोर्डिंग पास म्हंत्यात ते कसलं असतंय, दावा की जरा. तितं जाऊन हसं नगं व्हायला."

रशीद स्वतः कधी विमानात बसला नव्हता. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीसाठी लाकडाचे पॅटर्न, म्हणजे लोखंड ओतायचा साचा ज्यावरून घेतात ते नमुने, करण्यात त्याचा जन्म गेला. पण त्याच्या घरात पासांचा डबा होता. मुलगा नौमान मस्कतला एसी बसवायच्या कामावर होता, आणि त्याच्या आईला, कुलसुमला, पासांचा नाद लागला होता. विमानात चढताना दारावरचा माणूस पासाचा मोठा तुकडा फाडून घेतो आणि लहान तुकडा परत देतो. त्या लहान तुकड्याला कुलसुम चिठ्ठी म्हणायची. पोरगं दारात आलं की आधी हिचा हात पुढं. जाण्याची एक आणि येण्याची एक, अशा दोन चिठ्ठ्या ती शिलाई मशीनवर टाका मारून जोडायची आणि डब्यात ठेवायची. बायका सोनं साठवतात, आमची कागद साठवते, असं रशीद चारचौघांत सांगायचा. सांगताना त्याला बरंही वाटायचं.

त्यानं डबा उघडला. सगळ्यात वर एक सुटी चिठ्ठी होती, न शिवलेली.

"हे बघा, हे नाव. हे मस्कत, हे मुंबई. ही शीट. आन् ही तारीख..."

रशीद थांबला. तारीख येत्या गुरुवारची होती.

हंबीररावांनी चष्मा वर सरकवून ती वाचली. "म्हंजे पोरगं येतंय की परवा. बोलला न्हाईसा."

ते गेल्यावर रशीदनं कुलसुमला विचारलं. तिनं चिठ्ठी उलटसुलट केली. "मी न्हाय ठेवली. गेल्या येळच्या दोनी शिवून ठेवल्यात की." तिला त्यात भिण्यासारखं काही दिसलं नाही. रशीदला दिसलं. कागद कोरा करकरीत होता, आणि फाडलेल्या कडेला कागदाचे बारीक तंतू अजून उभे होते. छापायची चूक म्हणावी, तर ती चूक मस्कतहून या डब्यात आली कशी? त्यानं नौमानला फोन लावला.

"सुट्टी कुठली अब्बा," पोरगं हसलं. "हितं मरायला येळ न्हाय."

बुधवारी नौमानचाच फोन आला. साइट अचानक बंद पडली होती. कंपनी सगळ्यांना घरी पाठवत होती. त्याचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं होतं.

कुलसुमनं घर डोक्यावर घेतलं. मटण सांगितलं, गादी उन्हात टाकली, ईदेला त्याच्यासाठी शिवून ठेवलेला कुर्ता बाहेर काढला. रशीदनं मात्र ती चिठ्ठी खिशात ठेवली आणि दिवसभर कुणाला न दाखवता तिला हात लावून बघत राहिला. अर्धा तुकडा हातात म्हणजे अर्धा कुणीतरी फाडून घेतलेला. म्हणजे कुणीतरी विमानात चढलेलं. अजून गुरुवार उजाडायचा होता, आणि कुणीतरी चढून बसलेलं.

गुरुवारी दुपारी नौमान विमानतळावरून बोलला.

"शीट कुठली मिळाली?" रशीदनं विचारलं.

नौमाननं सांगितली. रशीदनं खिशातली चिठ्ठी डोळ्यांसमोर धरली. तीच होती.

"इमानात बसू नगंस."

"काय तरीच काय अब्बा. पासपोर्टवर शिक्का बसलाय. आता भाईर कसा पडू?"

"माझी शपथ हाय तुला. उद्या ये, परवा ये. ह्यात बसू नगंस."

मग नौमान म्हणाला, "बरं. न्हाय बसत," आणि फोन कट झाला. त्यानंतर तो लागलाच नाही.

शुक्रवारी सकाळी दारात रिक्षा थांबली आणि नौमान उतरला.

रशीदचा जीव भांड्यात पडला. शपथ मोडली म्हणून रागही आला, आणि आपण उगाच पोराला घाबरवलं म्हणून लाजही वाटली. "बसलास म्हण की शेवटी," तो म्हणाला.

"बसलो की," नौमान म्हणाला.

कुलसुमचा हात सवयीनं पुढं झाला होता. "चिठ्ठी दे."

नौमाननं तिच्याकडं बघितलं आणि गोड हसला. "ती तुमच्याजवळ हाय की, अम्मी."

कुलसुमचा हात तसाच राहिला. मग तिनं तो त्याच्या डोक्यावरून फिरवला आणि त्याला आत नेलं.

रशीद त्याला बघत राहिला. पोरगं थकलंय, उतरलंय, असं आधी वाटलं. दाराशी ठेवलेल्या जुन्या चपला त्यानं पायात घातल्या, तर टाचेमागं जागा उरली. घड्याळ मनगटावर फिरत होतं. आतल्या दारातून जाताना नौमान नेहमी मान वाकवून जायचा, नाहीतर चौकट कपाळाला लागायची. आज तो सरळ गेला.

ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं. म्हणून पॅटर्न नेहमी हव्या त्या मापापेक्षा थोडा मोठा करतात, आणि त्यासाठी पॅटर्नमेकरकडं वेगळी पट्टी असते, जिच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा किंचित मोठा असतो. उभा जन्म ती पट्टी हाताळलेल्या माणसाला आकसलेली वस्तू नजरेनं कळते. बारीक झालेला माणूस गालात उतरतो, पोटात उतरतो. त्याचे कान लहान होत नाहीत.

नौमानचे कान लहान झाले होते. तळहात, नखं, पुढच्या दोन दातांमधली फट, हनुवटीवरचा व्रण, सगळं एकाच मापानं कमी होतं. रशीदनं धीर करून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. अंग गरम होतं. तापासारखं नव्हे, साच्यातून नुकत्याच काढलेल्या ओतीव लोखंडासारखं, आतून गरम. रशीदनं हात मागं घेतला.

दुपारी नौमान आत जेवायला बसला. कुलसुम बाहेर मशीनवर होती. रशीद तिला सांगायला म्हणून जवळ गेला आणि जागीच थबकला. ईदेचा कुर्ता तिनं उसवला होता. खांदे, बाह्या, छाती, लांबी, सगळीकडून ती थोडं थोडं आत घेत होती. नौमाननं तो कुर्ता अजून अंगात घातलाही नव्हता.

"कुलसुम. बघितलंस न्हवं तू?"

"बघितलं." तिनं मान वर केली नाही. "आता परत जायाचं न्हाय म्हंतोय त्यो. हितंच ऱ्हातो म्हंतोय."

रशीदच्या खिशात फोन वाजला. स्क्रीनवर नाव होतं, नौमान.

त्यानं आतल्या खोलीत बघितलं. पोरगं जेवत होतं. एक हात ताटात, एक गुडघ्यावर.

"अब्बा." फोनवरचा आवाज रडून बसलेला होता. "तुमच्या शपथेपायी थांबलो मी. इमान गेलं. आन् आता हे म्हंत्यात, नौमान त्यात बसून गेला. मुंबईत उतरला, तिथं त्याच्या अंगठ्याचा ठसा बी जुळला. माझा पासपोर्ट खोटा म्हंत्यात."

"तू हैस कुठं?"

"हितंच, मस्कतच्या इमानतळावर. एका खोलीत. अब्बा, हे सायेब तुमास्नी एकच इचारणार हैत. पोरगा घरी आला न्हाय म्हणून सांगा. एवढंच सांगा. न्हायतर मला आत टाकतील."

फोन दुसऱ्याच्या हातात गेल्याचं ऐकू आलं. एक शांत, सभ्य आवाज हिंदीत म्हणाला, "आपका बेटा नौमान घर पहुँच गया क्या?"

मशीन थांबलं होतं. कुलसुम फोनमधला शब्द न् शब्द ऐकत होती.

नाही, एवढाच शब्द होता. रशीदनं तोंड उघडलं.

त्याच्या हातातला फोन कुलसुमनं काढून घेतला.

"पोचला," ती म्हणाली. "सकाळीच पोचला. जेवाय बसलाय."

फोनमधून, लांबून, कुणीतरी "अम्मी" अशी हाक मारली. रशीदला ती स्पष्ट ऐकू आली. कुलसुमलाही आली. तिनं डोळे मिटले आणि फोन बंद केला.

"कोण हुतं?" आतून नौमाननं विचारलं.

"कुणी न्हाय," कुलसुम म्हणाली. "तू जेव."

ती उठून आत गेली आणि त्याच्या ताटात भात वाढला.