भाऊ, बॅटरी कितली ऱ्हायनी?

खरं मानायचं की नाही, तुम्ही ठरवा. पण ज्याच्यावर हे बेतलं तो माझा सख्खा भाऊ आहे, शेहजाद. हे लिहितेय तेव्हा शेजारच्या खोलीत झोपलाय.

मागच्या मे महिन्यातली संध्याकाळ. गाव शिंदखेड्याजवळचं.

शेहजाद पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. अभिमन आबांच्या मळ्यातली मोटार बघायला निघाला होता. गाडी बांधाशी लावली आणि पडीक रानातून आडवा गेला.

झुडपांत जुनी, कोरडी विहीर होती.

काठ ढासळला... आणि तो थेट तळाशी.

पाय मोडला. हाका मारून मारून घसा बसला. ऐकायला कुणी नव्हतं.

मोबाईल शाबूत होता. बॅटरी नऊ टक्के. रेंजची एक कांडी यायची आणि जायची. फोन लागेना, पण रेंज शोधण्यातच बॅटरी उतरत होती.

त्यानं स्क्रीन मंद केली. नेट बंद, लोकेशन बंद. शेवटी फोन फ्लाइट मोडवर टाकला. टॉर्च लावावीशी फार वाटत होती.

लावली नाही.

विहिरीत अंधार भरला.

आणि मग...

"भाऊ, बॅटरी कितली ऱ्हायनी?"

बाईचा आवाज. काठावर शेतातली कुणी बाई असेल, असं त्याला वाटलं. जीव भांड्यात पडला. "सात," तो म्हणाला, आणि माणसं बोलवायला विनवू लागला.

ती उत्तर देईना. पण गेलीही नाही. बांगड्या वाजत होत्या...

त्यानं फोन लावायला घेतला, तशी ती म्हणाली, "आते नको."

आत्ता नको म्हणताच तो थांबला. का थांबला, त्यालाही सांगता येत नाही.

बराच वेळ गेला. बॅटरी चारवर आली.

"आते लाव."

त्यानं फ्लाइट मोड काढला. रेंज पूर्ण! आबांना फोन लागला. जागा सांगून होते न होते तोच मोबाईल बंद पडला.

आबा माणसं आणि दोर घेऊन धावत आले. त्यांनी खाली उजेड टाकला... आणि ते थबकले.

"बाई बी शे ना तठे? पहिले तिले बांध."

शेहजाद म्हणाला, ती खाली कुठे, ती तर वर तुमच्याजवळ उभी आहे.

आबांनी मागच्या माणसांकडे वळून पाहिलं.

त्यांच्यात बाई नव्हतीच.

मग दोर सोडला, शेहजादनं कमरेला बांधला. तो अंगानं काटकुळा. तरी चार गडी घामाघूम झाले, दोर ओढता ओढवेना...

तो वर आल्यावर आबांनी पुन्हा उजेड टाकला.

तळ रिकामा होता.

पायाचं हाड आता जुळून येतंय. अल्लाहनं वाचवलं, असं अम्मी सगळ्यांना सांगते. मीही तेच सांगते.

पण त्याच्यासोबत दोरावरून आणखी कोण वर आलं, हे आमच्या घरात कुणी बोलत नाही.