सयाजीकाकांचा सरकणारा चेहरा

अखेर सयाजीकाकांनी विठाबाईंच्या कट्ट्यावर बसून अर्धा कप चहा प्यायला आणि प्रकरण मिटलं. पण असं काही घडलंच नाही, असं काका म्हणतात. मोठ्यांचा मान राखून आपणही तसंच धरून चालू.

तर मे महिन्याच्या सुट्टीत स्वप्नालीचे आजोबा, आकाराम आबा, हरवू लागले. रोज सकाळी सायकलवरून गवळ्याकडे जायचं, समोर पिळलेलं म्हशीचं दूध उभ्यानं प्यायचं आणि घरी यायचं, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. या आठवड्यात मात्र येताना ते तीनदा भलत्याच गल्लीत शिरले.

“म्हातारं डोकं हाय, वाटा इसरतंय,” त्यांच्या मुलानं, म्हणजे सयाजीकाकांनी, निकाल दिला. “रविवारपास्नं सायकल बंद.”

आबा सायकलची घंटा तेवढी पुसत बसले.

स्वप्नालीला हा निकालच संशयास्पद वाटला. ज्या माणसाला तरुणपणीच्या कुस्त्यांतला डाव न् डाव आठवतो, तो स्वतःची गल्ली विसरेल? गुरुवारी ती आणि काकांचा मुलगा धैर्यशील आबांच्या मागावर निघाले. आबा झोकात आले आणि झोकातच चुकीच्या गल्लीत वळले.

“आबा, हितं का वळलासा?” स्वप्नालीने विचारलं.

“सयाचं थोबाड दिसलं की डावीकडं,” आबा म्हणाले. “पयलं पानपट्टीचं हिरवं दार बघून वळायचो. त्याच्या फ्लेक्सनं दार झाकलं, मग थोबाड बघून वळाय लागलो.”

वर खरंच काका होते. गॉगल, कानाला मोबाईल, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. वाढदिवस मार्चमध्येच झाला होता. फ्लेक्सला कुणी कळवलं नव्हतं.

म्हणजे आबांचं डोकं शाबूत होतं, खूणच चालती झाली होती. पण तिला पाय कुणामुळे फुटले? दुपारी दोघं उसाच्या रसाच्या गाड्यामागे दबा धरून बसले. दुसरा ग्लास संपत आला तेव्हा काका आले. त्यांनी इकडंतिकडं बघितलं, स्वतःचा चेहरा बांबूंसकट उचलला आणि जास्त वर्दळीच्या चौकात नेऊन रोवला. वडिलांवर संशय घेणं धैर्यशीलला फार जड गेलं. त्याला चांगलं अर्धं मिनिट लागलं.

स्वप्नालीने काकांना समजावून सांगितलं, की डोकं डोळ्यांना दिसलेल्या खुणांवर नकाशा बेततं. खूण सरकली की माणूसही सरकतो. काका हसले.

“ते म्हाताऱ्यांचं. मी डोळं झाकून घरी यीन.”

शनिवारी पोरांनी आपल्या गल्लीच्या तोंडाशी कायम असणारं निळं पिंप ढकलत एक गल्ली अलीकडे नेलं. काका फोनवर बोलत चालत आले, सवयीनं पिंपाशी वळले, आपलं घर चौथं म्हणून चौथ्या घराच्या कट्ट्यावर टेकले आणि चहा मागितला. त्या घरच्या विठाबाईंनी कप पुढं केला. अर्धा संपल्यावर काकांना कपावरची फुलं अनोळखी वाटली.

“आक्का, तुमी आमच्या घरी कशा?”

“मी माझ्याच घरी हाय, पावणं,” विठाबाई म्हणाल्या. “साखर बरी हाय न्हवं?”

रविवारी सायकल आबांकडेच राहिली आणि फ्लेक्स पानपट्टीच्या दारावर परतला. “पोरांनी चितपट केलं की रं तुला, सया,” म्हणत आबांनी दोघांच्या पाठीवर पैलवानी थाप मारली. ती दोन दिवस दुखत होती.

धैर्यशीलने मात्र त्याच दिवशी महापालिकेला अर्ज लिहिला: ‘मा. महोदय, आमच्या वडिलांच्या चेहऱ्यास अधिकृत डावे वळण म्हणून मान्यता द्यावी, त्यांचा वाढदिवस कायमस्वरूपी चालू असल्याचे जाहीर करावे, आणि सदर चेहरा खुद्द वडिलांनीही हलवू नये असा आदेश काढावा, ही नम्र विनंती.’