बाजूने चार, विरोधात चार

त्या बुधवारी मला घाई होती ती मुलीच्या बुटांची. डाव्या बुटाचा तळ सुटला होता आणि बूट शिवणाऱ्याचं दुकान सहाला बंद व्हायचं. बांधकाम समितीची सभा चारला होती, विषय एकच होता, तेव्हा साडेपाचपर्यंत सुटू असं मी धरून चालले होते.

मी नगरपालिकेत सभा-लिपिक. सभेत कोण काय म्हणालं ते लिहायचं, मतं मोजायची आणि पुढच्या सभेत ते वाचून दाखवायचं. एकोणीस वर्षं हेच केलं. मोजताना मी चुकत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण तेव्हाही कोणाला ते पटलं नव्हतं.

विषय होता खालच्या शाळेचा. दगडी भिंतींची जुनी इमारत, अडीचशे मुलं, आणि दोन वर्ग पावसात गळणारे. माझी वहिनी तिथे शिक्षिका होती आणि माझी मुलगी तिच्याच वर्गात, तिसरीत. घरी 'मामी' आणि शाळेत 'बाई' म्हणायचं, या गोंधळात ती कधीकधी 'मामीबाई' म्हणायची आणि वर्ग हसायचा. आता प्रश्न असा होता, की ही शाळा दुरुस्त करायची, का ती पाडून वरच्या पठारावर नवी बांधायची. सोबत वाचनालय आणि दवाखानाही.

समितीत सात जण. नव्या इमारतीसाठी जोर लावत होते ते विटावाले. त्यांची वीटभट्टी होती, म्हणून सगळे त्यांना तसंच म्हणत, तोंडावरसुद्धा. दुरुस्तीच्या बाजूने बोलत होत्या डॉक्टरीणबाई, सत्तरीच्या, बारीक आवाजाच्या, पण त्या बोलायला लागल्या की पंख्याचा आवाज ऐकू यायचा.

"भिंतींना काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "छप्पर बदला, नळ बदला, संपलं. मुलं तिथे चालत येतात. पठारावर चढ आहे, वारा आहे, आणि शेजारी कोणी नाही."

"शेजारी कोणी नाही म्हणून तर मैदान मिळेल," विटावाले म्हणाले.

"मैदान मिळेल आणि तुमच्या विटा खपतील."

सगळे हसले, विटावालेसुद्धा. मग अध्यक्षांनी मत घ्यायला सांगितलं.

"शाळा वर हलवण्याच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा."

मी मोजले. चार.

"विरोधात."

चार.

लिहून झालं आणि पेन तिथेच थांबलं. अध्यक्षांनी कागदाकडे पाहिलं. "लिपिकबाई, आपण सात आहोत."

"हो साहेब."

"मग पुन्हा मोजा."

या वेळी मी एकेका हाताकडे पेन रोखून मोजलं. खोली काही मोठी नव्हती. लांब टेबल, तीन बाजूंना खुर्च्या, दाराजवळ माझं छोटं टेबल. दार बंद होतं. रस्त्याची धूळ येते म्हणून खिडकीही बंदच असायची, आणि तिच्या काचेतून चारचं पिवळट ऊन विटावाल्यांच्या पाठीवर पडलं होतं. त्यांच्या बाजूचे दोन हात, त्यांचा स्वतःचा तिसरा, आणि चौथा त्यांच्या नि खिडकीच्या मधला, किंचित मागून आलेला. विटावाले अंगाने रुंद होते, त्यामुळे मला तो हात कोपरापर्यंतच दिसला. फिकट पांढरी लांब बाही, मनगटाशी बटण लावलेलं. आमच्या सभेत लोक हात वर करतात तेही कंटाळून, कोपर टेबलावर टेकवून. हा हात सरळ होता. बोटं एकमेकांना चिकटलेली. वर्गात उत्तर येत असलेलं मूल करतं तसा.

मला वाटलं, विटावाल्यांनी दुसराही हात वर केलाय. सभेत लोक काहीही करतात. एकदा एकाने शेजारी झोपलेल्या सदस्याचा हात धरून वर केला होता, तेही मी इतिवृत्तात लिहून ठेवलंय.

पुन्हा चार आणि चार. मग अध्यक्षांनी वैतागून एकेकाला उभं करून विचारलं. बाजूने तीन, विरोधात चार. प्रस्ताव पडला.

"चष्म्याचा नंबर तपासून घ्या, लिपिकबाई," जाता जाता अध्यक्ष म्हणाले.

बुटाच्या दुकानात बाकावर बसून वाट बघताना माझ्या लक्षात आलं. विटावाल्यांनी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला होता.

दुसऱ्या दिवशी मी तळघरातल्या नकाशांच्या खोलीत गेले. विटावाल्यांवरचा संशय काही जात नव्हता. बाही कोणाची का असेना, डाव त्यांचाच असणार. पठाराची जागा त्यांनी सुचवली ती का, हे मला बघायचं होतं. नकाशेवाले काका निवृत्तीला आलेले. त्यांनी काही न विचारता चालू नकाशा पसरला. पठारावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'शाळेसाठी राखीव'.

"हे कधी घातलं?"

"मी नाही घातलं." त्यांनी खालचा, त्याच्या आधीचा नकाशा काढला. त्यावरही तेच शब्द. मग कापडावर चिकटवलेला, कडा झिजलेला, सगळ्यात जुना. त्यात आमचं गाव म्हणजे वीसेक घरं होती. पालिका नव्हती, रस्ता नव्हता. खालची शाळासुद्धा नव्हती. पठारावर मात्र तेच अक्षर होतं.

"काका, तेव्हा पालिकाच नव्हती, मग शाळेसाठी राखून कोणी ठेवलं?"

"नोकरीला लागलो तेव्हा मीही विचारलं होतं. साहेब म्हणाले, आहे ते असू दे."

मला वाटलं, कोणीतरी मागाहून घुसडलंय. बोट ओलं करून मी अक्षरावरून फिरवलं. शाई हलली नाही.

"नकाशाला थुंकी लावू नका, बाई," काका म्हणाले.

संध्याकाळी घरी निघाले तर जिन्यात विटावाले उभे होते, एकटेच. मी बाजूने जायला लागले तसे हळू आवाजात म्हणाले, "काल माझ्या मागे कोण बसलं होतं?"

"तुम्हीच सांगा. तुमचंच कोणीतरी असेल."

"माझ्या मागे खुर्ची नव्हती, बाई. खिडकी नि भिंत होती." त्यांनी जिन्यावरून खाली पाहिलं, कोणी येत नाही ना म्हणून. "माझ्या खांद्यावरून हात गेला. दोन्ही वेळा. बाहीला वास होता… बरीच वर्षं पेटीत राहिलेल्या कपड्यांसारखा. मी वळून पाहिलं नाही. पाहायला हवं होतं."

मी जिन्यातच थांबले. हा माणूस विटा विकायला काय काय करेल, याचाच विचार करत होते. पण त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि घामाचं सोंग आणता येत नाही.

"माझा नातू आहे त्या शाळेत," ते म्हणाले. "तुमची मुलगी आहे. तो हात आपल्या बाजूने होता, म्हणजे मुलांना तिथून हलवा असंच कोणीतरी सांगतंय ना? उद्या छप्पर खाली आलं तर… आपल्याला सांगितलं होतं, असं आयुष्यभर वाटत राहील."

त्या रात्री मुलगी शेजारी झोपली होती आणि मी तिच्या डोक्यावर दगडी भिंती बघत होते. सकाळी उठून मी डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. थट्टा केली नाही. हात धुतले, पुसले, आणि समोर बसल्या.

"तुम्ही हात पाहिलात यावर माझा विश्वास आहे," त्या म्हणाल्या. "मीही काहीतरी पाहिलं. मला वाटलं खिडकीचा पडदा हलला."

"मग तुम्ही मत बदला. तुमच्या एका मताने…"

"मुलं तिकडे यावीत असं कोणाला तरी वाटतंय. इतकंच कळलंय आपल्याला. ते कोण आहे, ते तुम्ही विचारलंत का?"

"आपल्या भल्याचंच सांगत असेल ना."

"हे कशावरून?"

मग मी रडले. खोटं रडले नाही, पण रडल्याचा उपयोग होईल हे मला ठाऊक होतं. म्हटलं, माझी एकुलती एक मुलगी त्या छपराखाली बसते, उद्या काही झालं तर मी तुमच्या दारात येईन. "तुम्ही एकोणीस वर्षांत कधी काही मागितलं नाहीत," एवढंच त्या म्हणाल्या.

पुढच्या सभेत विषय पुन्हा आला. बाजूने चार, विरोधात तीन. एकूण सात. मी दोनदा मोजलं, खिडकीजवळ खास पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. असण्याची गरजच उरली नव्हती, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

चौदा महिन्यांत पठारावरची शाळा उभी राहिली. मोठ्या खिडक्या, वाचनालय, खालच्या मजल्यावर दवाखाना. मुलं वर गेली आणि जुनी इमारत पाडायला घेतली. आठ दिवसांचं काम होतं, त्याला पाच आठवडे लागले. मी कागदपत्रं घेऊन गेले तेव्हा पाडकामाचा मुकादम डोकं खाजवत उभा होता.

"ही पाडायची कोणी ठरवली?" त्याने विचारलं.

"समितीने. का?"

"मशीनचे दात गेले आमच्या. एक चीर नाही कुठे. अजून शंभर वर्षं हलली नसती ही."

मी त्याच्याकडून कागदांवर सही घेतली आणि घरी आले.

वर सगळं उत्तम चाललं होतं. मुलांचे गुण वाढले. भांडणं बंद झाली. "इतकी शहाणी मुलं मी उभ्या जन्मात पाहिली नाहीत," वहिनी सुरुवातीला कौतुकाने सांगायची. वर्गाबरोबर वहिनीही वरच्या इयत्तेत गेली होती, त्यामुळे माझी मुलगी अजून तिच्याच वर्गात होती; सकाळी हाक मारायच्या आत उठून बसायची. 'मामीबाई' म्हणणं बंद झालं. मोठी होतेय, असं मी म्हटलं.

मग वहिनी शाळेबद्दल बोलेनाशी झाली. विचारलं की विषय बदलायची. एका गुरुवारी तिचा फोन आला.

"उद्या सुटायच्या वेळी ये."

"काय झालं, वहिनी?"

"मला काही विचारू नकोस. ये आणि बघ फक्त. मी एकटी बघून बघून… तू ये."

मी सव्वाचारला पोचले. वारा होता, पण शाळेच्या आत शिरल्यावर तो ऐकू येईना. साडेचारला वहिनीने स्वतःच्या हाताने घंटा वाजवली आणि मला वर्गाच्या दारात आणून उभं केलं.

मुलांनी वह्या भरल्या, दप्तरं पाठीला लावली, आणि तशीच बसून राहिली. पाठ ताठ, हात बाकावर. कोणी कुजबुजलं नाही. मी मागे वळून व्हरांड्यात पाहिलं. सगळे वर्ग तसेच. दारादारात एकेक शिक्षक उभा, आणि कोणीच कोणाकडे बघत नव्हतं. अडीचशे मुलांच्या शाळेत, घंटेनंतर, मला माझ्या मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

मी आत गेले. मुलगी दुसऱ्या बाकावर होती. तिच्यासमोर वाकून म्हटलं, "चल बाळा, घंटा झाली."

"मामीने सोडलं," ती हळूच म्हणाली. "त्यांनी अजून सोडलं नाही."

"त्यांनी म्हणजे… कोणी?"

तिने माझ्याकडे पाहिलं, लहान मुलाला समजवावं तसं. "बाजूला हो ना, आई. तू मध्ये उभी आहेस."

मी बाजूला झाले. कशी झाले ते आठवत नाही. माझ्या मागे फळा होता, आणि फळ्याच्या डावीकडे रिकामी भिंत. सगळ्या वर्गाची नजर त्या भिंतीवर होती. थोड्या वेळाने, कसलाही आवाज न होता, सगळी मुलं एकदम उठली आणि हसत, ढकलाढकली करत बाहेर पळाली, जगातली सगळी मुलं पळतात तशी. वहिनी भिंतीला टेकून खाली बसली.

"पहिल्या आठवड्यात अर्धा मिनिट लागायचं," ती म्हणाली. "मला वाटलं शिस्त आहे. आज सहा मिनिटं."

मी त्याच दिवशी मुलीचं नाव शाळेतून काढलं. डॉक्टरीणबाईंकडे गेले, पाया पडायचंच बाकी ठेवलं. त्यांनी तिला तपासलं. नाडी, डोळे, सगळं ठीक. मला त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता ती घरीच असते. खेळते, खाते, माझ्याशी भांडतेसुद्धा. पण साडेचार झाले की असेल तिथे बसते, पाठ ताठ करून, आणि वाट बघते. हलवलं तर हलत नाही. तिकडे वहिनी शाळेत वेळ बघते, इकडे मी. संध्याकाळी फोनवर दोघी पडताळून बघतो. एका सेकंदाचाही फरक नसतो.

काल रविवार होता. शाळेला कुलूप होतं. बावीस मिनिटं लागली.