दोन वाजता रुसणारी बस

"माझी किल्ली कुणीतरी वापरतंय," टाचणीबाईंच्या घरी आल्या आल्या एक तरुणी म्हणाली.

"कपाटाची?" भाऊजींनी विचारलं.

टाचणीबाईंनी मेहुण्याकडे नुसतं पाहिलं. शोध त्या घेत. भाऊजी शंका काढत.

"एपीआय की, भाऊजी," तरुणी म्हणाली. "बसच्या खात्याकडे नाव नोंदवलं की लांबलचक अक्षरं मिळतात. ती दाखवली की खातं सांगतं, बस आत्ता कुठे आहे. माझं ॲप ते अंध प्रवाशांना बोलून सांगतं. दिवसाला दोन हजार प्रश्न विचारता येतात. आम्हाला दोनशे पुरतात. तरी महिनाभर जवळजवळ रोज दुपारी दोनला सगळे संपतात. ॲप मुकं होतं, माणसं थांब्यावर ताटकळतात."

"संशय?"

"सहकाऱ्यावर. किल्ली आम्हा दोघांकडेच आहे. आज संध्याकाळी त्याला काढणार." तिनं फोन पुढे केला. "माझ्या बाळंतपणात त्यानंच सगळं सांभाळलं हो."

टाचणीबाईंनी वापराचा तक्ता पाहिला. सकाळी पावणेनऊपासून दर दहा सेकंदांना एक प्रश्न, तोही एकाच बसबद्दल. रविवारी नाही. गेल्या बुधवारीही नाही.

ऑफिसात सहकारी मान खाली घालून बसला होता. "बुधवारी? मी दिवसभर इथंच होतो. ताई तापानं घरी होत्या."

"ह्या किल्लीचा अर्ज कुणी भरला होता?"

"मीच, महिन्यापूर्वी, घरून," ती म्हणाली. "किल्ली कुठे कुठे चालावी, तो रकाना मोकळाच राहिला. लेक रडत होती. तिला गप्प करायला टॅबवर माझी बस दाखवली, नि तिच्याशेजारीच डोळा लागला."

"चला तुमच्या घरी."

दार सासऱ्यांनी उघडलं. "सूनबाई, भर दुपारी? बरं झालं. दोनपर्यंत पोर शहाण्यासारखी असते, मग रोजचं भोकाड!"

"भूक लागत असेल," भाऊजी म्हणाले.

टॅबवरचा बसचा ठिपका सोडून तीन वर्षांची लेक आईला बिलगली. "आई, बसमधून उतरलीस?"

टाचणीबाई खाली बसल्या. "चोर सापडला. सहकारी बुधवारी ऑफिसात होता, तरी प्रश्न नव्हते. आई घरी असली की प्रश्न नाहीत. आई बसमध्ये चढली की सुरू. त्या दिवशी बस दाखवायला घातलेली किल्ली टॅबमध्येच राहिली, नि मोकळ्या रकान्यामुळे तिथंही चालते. प्रश्न संपले की ठिपका थांबतो, नि हिचं रडू सुरू होतं."

सासरे ओशाळले. "मीच लावून देतो रोज. तिला वाटतं, आई दिवसभर त्या बसमध्येच फिरते. ठिपक्याला टाटा करते."

तिनं लेकीला घट्ट धरलं, मग सहकाऱ्याला फोन लावला. "अरे, माझं चुकलं. तुझ्यावर संशय घेतला. उद्या ये हं, नेहमीसारखा."

नंतर लेकीला मांडीवर घेऊन तिनं दुसऱ्या किल्लीचा अर्ज भरला. ठिपका आता पाच मिनिटांनी एकदाच हलणार होता. ही किल्ली कुठे चालावी? फक्त घरच्या टॅबवर.

शेवटचा रकाना होता वापराच्या हेतूचा.

तिनं लिहिलं: आईला टाटा करणे.