निम्मी नाळ

"ओ मॅडम, ती बरणी खाली ठेवा!"

नाळेची बरणी हातात धरलेली दिपाली दचकली. मिरजगावच्या प्रसूतिगृहाच्या दारात एक उंच तरुण उभा होता. श्रावणसरीने चिंब भिजलेला, आणि डोळ्यांत जाळ!

तो रेश्माचा भाऊ, कल्याण. रेश्माला नुकताच मुलगा झाला होता. बाळाच्या नाळेतल्या मूळपेशी वाढवून भाजलेल्या माणसांना नवी कातडी देता येईल का, हे दिपाली नगरच्या प्रयोगशाळेत शोधत होती. रेश्माने खुशीने सही दिली होती. पण नाळ अंगणात पुरायची त्यांच्या घरची रीत, अन् आईने लेकाला त्याचसाठी पिटाळले होते.

"सही आहे माझ्याकडे," दिपाली म्हणाली. "पण तुमच्या आईंना वाईट वाटणार असेल तर... नको मला."

कल्याणचा राग कुठल्या कुठे पळाला. भांडायला आलेल्या माणसाची अशी पंचाईत होऊ नये!

"केवढी लागती तुमाला?"

"वीतभर."

"मग निम्मी तुमची, निम्मी आमची. मिटलं भांडण."

दुसऱ्याच दिवशी फोन. "काय म्हनतोय आमचा भाचा, तुमच्या बाटलीतला?"

"मजेत. मामापेक्षा शांत आहे."

"खायला काय घालता?"

"गुलाबी पाणी. पेशींचं खाणं तेच."

"नुसतं पानी? मामा जित्ता असताना?"

ती खळखळून हसली. मग रोजच फोन येऊ लागला. संध्याकाळ झाली की दिपालीचे कामात चित्त लागेना.

आणि एका सकाळी बाटलीतले पाणी गढूळ दिसले. बुरशी! सगळ्या पेशी गेल्या. असे पूर्वीही झाले होते. या वेळी मात्र तिला रडू कोसळले. आता तो फोन कशाला करील? 'मजेत आहे' एवढे खोटे बोलले तरी निभावले असते. पण जीभ रेटेना. तिने सरळ मिरजगावची एसटी धरली.

कल्याण बांधावर लिंबे निवडत होता. तिने एका दमात सगळे सांगून टाकले.

"बुरशी कशी काय लागली?"

"चूक माझीच. झाकण लावताना घाई केली."

"एवढी कसली घाई?"

दिपालीने मान खाली घातली. कानांच्या पाळ्या तापल्या. "बाहेर... तुमचा फोन वाजत होता."

कल्याणच्या हातातले लिंबू तसेच राहिले. मग तो हलकेच म्हणाला, "खरं सांगू? भाच्याचं निमित्त हुतं. मला तुमचा आवाज ऐकायचा असायचा."

ती रडता रडता हसली. "पेशी मी दुसऱ्या नाळेतून पुन्हा वाढवीन हो. पण आईंना काय सांगायचं?"

त्याने हात पुढे केला.

"चला घरी. नाळेचं तुमी सांगा... बाकीचं मी सांगतो."