पाचपटीची लेन्स

लेन्स निवडायची म्हणजे डोक्याला ताप. लग्नांचे फोटो काढून काढून कंबर गेली, म्हणून इस्लामपुरात घरी बसून उसावरच्या किडींचे फोटो काढायचं काम घेतलं. शेतीच्या एका पुस्तकासाठी. त्यांना पाकोळीचं, म्हणजे उसाचा रस शोषणाऱ्या किडीचं, नुसतं तोंड हवं होतं, तेही पानभर. माझी साधी मॅक्रो लेन्स कीड आहे तेवढीच दाखवायची. दुसरी लेन्स उलटी जोडून बघितली, तर कडा धूसर. सूक्ष्मदर्शकाचं भिंग लावलं, तर उजेड पुरेना. शेवटी कराडला जुने कॅमेरे विकणाऱ्या वीरधवलनं पाचपट मोठं दाखवणारी एक लेन्स वापरून बघायला दिली.

पाचपटीला फोकस केसाएवढ्याच जागेत लागतो. कॅमेरा कणाकणानं पुढं सरकवत ढीगभर फोटो घ्यायचे नि मग जोडायचे. तेवढ्यात कीड हलली की सगळं पाण्यात. बाकीचे लोक कीड आधी मारूनच घेतात. आम्ही जैन. मला ते जमणारं नव्हतं, आणि माझ्या बायकोला, चंदनाला, नुसता संशय आला असता तरी तिनं मला घरात घेतलं नसतं.

या लेन्सखाली पाकोळी हललीच नाही. एरवी टुणकन उडणारी जात, पण गप्प बसली. सुटलो बुवा, म्हटलं.

काम झाल्यावर ती बसलेलं उसाचं पान कुंडीत खोचलं. दुसऱ्या दिवशीही ती तिथंच. फुंकर मारली, तरी तिथंच. आणखी आणून लेन्सखाली ठेवल्या, त्यांचंही तेच. मुंग्या त्यांना वळसा घालून जायच्या. मेलेल्या किड्याला मुंग्या सोडत नाहीत.

चंदनानं कुंडी बघितली.

"आवं, मारताय तुमी ह्यास्नी."

"शपथ, न्हाई गं."

"मग हलत का न्हाईत? जित्ती दिसल्याबिगार मी घास घेणार न्हाई."

ती हट्टाला पेटली की संपलंच. भांडायचं त्राण माझ्यात नव्हतं. म्हटलं, ताजी आणतो, तुझ्यासमोरच फोटो काढतो.

दुपारी नवी पाकोळी लेन्सखाली ठेवली. पडद्यावर तिचं तोंड आलं. कॅमेरा आपोआप सरकायला लागला.

"थांबा, हलवून बघती," म्हणत चंदनानं बोट पुढं केलं.

पडद्यावर बोटाच्या रेषा आल्या. पाचपटीला नाडीच्या ठोक्यानंसुद्धा चित्र थरथरतं.

चित्र थरथरलं नाही.

"हात काढ, चंदना."

कॅमेरा बंद केला. लेन्स काढून फेकली. तिला खांद्याला धरून ओढलं. अंग गरम होतं, पण जागचं हललं नाही. काहीतरी बोलायला तोंड उघडलेलं, ते तसंच.

आता दिवस मावळायला आलाय. मावळल्यावर ती जेवत नाही. मी दुधात भाकरी कुस्करली.

"खा गं. चुकलं माझं. खा."

घास जिभेवर तसाच राहिला.

मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.